मदत हवी आहे: किल्ल्यावरचे मावळे पॉलिमर क्लेचे करतेय, ओटीजीत भाजताना पाय वाकतात

नमस्कार मंडळी,

यंदा दिवाळीच्या किल्ल्यावरची सगळी चित्रं घरीच करायची, असं लेकीनं आणि मी ठरवलंय. मावळे, तोफेजवळचा गोलंदाज, गवळण, विहिरीवर पाणी भरणारी बाई आणि सगळ्यात शेवटी सिंहासनावरचे महाराज. बाजारातल्या प्लास्टरच्या मावळ्यांचे भाले पिशवीतच मोडतात. शाडूची चित्रं मला मनापासून आवडतात, पण किल्ल्यावर हळीव पेरले की रोज पाणी शिंपडावं लागतं आणि पायथ्याची माणसं भिजून खचतात. पॉलिमर क्ले, म्हणजे ओव्हनमध्ये भाजून कडक होणारी प्लास्टिकची माती, एकदा नीट भाजली की पाण्यानं तिचं काही बिघडत नाही. हीच चित्रं वर्षानुवर्षं वापरता यावीत, लेकीला मोठेपणीही ती हातात घेता यावीत, अशी फार इच्छा आहे.

क्ले फिमो सॉफ्ट या ब्रँडची आहे. पाकिटावर ११० अंश सेल्सिअसला ३० मिनिटं असं लिहिलंय. ओटीजी, म्हणजे छोटा विजेचा ओव्हन, २८ लिटरचा, वर-खाली तापणारे रॉड असलेला. मावळा साधारण ७-८ सेंमी उंच.

मुख्य अडचण पायांची. कच्चा मावळा ओट्यावर ताठ उभा राहतो, पण ओव्हनमध्ये गरम झाला की घोट्यात वाकतो आणि पुढे झुकतो. पाय जाड केले तर तो मावळा वाटतच नाही, ओंडका वाटतो. दुसरं म्हणजे पांढरा अंगरखा खांद्यावर तपकिरी होतो आणि त्याच मावळ्याचं पाऊल मात्र जरा दाबलं की कट्कन तुटतं. एकाच चित्रात वरचं करपलेलं आणि खालचं कच्चं, हे कसं? बुरुजाचा खडकही केला होता, क्लेचा भरीव गोळा. त्याला भाजताना भेगा गेल्या.

शिवाय याच ओटीजीत मी नानकटाई करते. त्यात क्ले भाजलेली चालते का, हेही कुणी खात्रीनं सांगा.

प्रतिसाद

ताई, पायात तार घाला. ही क्ले ऊब लागली की आधी मऊ पडते आणि नंतर घट्ट होते. त्या मधल्या वेळात सगळं वजन घोट्यावर येतं. २० गेजची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार घ्या, हार्डवेअरच्या दुकानात मिळते. दोन्ही पायांतून कमरेपर्यंत एकच तार इंग्रजी यू उलटा केल्यासारखी वाकवा आणि खालची टोकं तळव्याबाहेर सेंटीमीटरभर ठेवा. ती टोकं चौथऱ्यात रुतवायची, किंवा थेट किल्ल्याच्या मातीत. उतारावर मावळा उभा करायला याहून चांगली सोय नाही. तार गुळगुळीत असल्यानं क्ले तिच्यावर फिरते, म्हणून तारेला फेविकॉलचा पातळ हात द्या, पूर्ण वाळू द्या, मग क्ले चढवा.

भाला क्लेचा करूच नका. बांबूची बारीक काडी घ्या, ११० अंशाला तिला काही होत नाही. फक्त पातं क्लेचं.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण माझ्या मते खरा उपाय टप्प्याटप्प्यानं भाजण्यात आहे. पॉलिमर क्ले पुन्हा पुन्हा भाजता येते. आधी फक्त पाय आणि चौथरा करून भाजून घ्या. ते कडक झाले की त्यावर धड, अंगरखा, शेला, पागोटं चढवा आणि परत भाजा. चेहरा तर मी नेहमी आधी वेगळा भाजते, म्हणजे मिशा लावताना गाल दबत नाहीत. कच्ची क्ले भाजलेल्या भागाला चिकटावी म्हणून मध्ये द्रवरूप क्लेचा थेंब लावायचा.

प्रतिसाद

करपणं आणि कच्चं राहणं, दोन्हींचं मूळ तापमानात आहे. ओटीजीच्या बटणावरचा आकडा आणि आतलं खरं तापमान यांत बराच फरक असू शकतो. रॉड लाल होतो तेव्हा त्याच्याजवळचा भाग खूप तापतो, पुन्हा थंडावतो. ओव्हन थर्मामीटर विकत घ्या आणि तो चित्राच्या शेजारीच ठेवा, दाराजवळ नको. वेळ मोजायची ती थर्मामीटर ११० दाखवू लागल्यावर.

खाली जाड सिरॅमिक टाइल ठेवा, टाइलसकट ओव्हन आधी तापवा. टाइल ऊब धरून ठेवते, त्यामुळे पावलं कच्ची राहत नाहीत. टाइलवर साधा कागद घाला, नाहीतर क्ले टेकते तिथे चकचकीत डाग पडतो. आणि वरून ॲल्युमिनियम फॉइलचा तंबू करा, चित्राला न टेकता. रॉडची थेट धग अडली की पांढरा रंग टिकतो.

पाऊल तुटलं याचा अर्थ ते पुरतं भाजलेलं नाही. नीट भाजलेली बारीक पट्टी किंचित लवते. ते मावळे फेकू नका, वेळ वाढवून परत भाजा. तापमान मात्र वाढवायचं नाही. कंपनीनुसार आकडा बदलतो, स्कल्पी प्रीमोच्या पाकिटावर १३० असतं, तेव्हा पाकीट वाचूनच ठरवा.

बुरुज भरीव नको. फॉइल घट्ट चुरगाळून आतला गाभा करा, त्यावर ५-६ मिमी जाडीचा एकसारखा थर द्या. भाजल्यावर ओव्हन बंद करून आतच निवू द्या.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार! तार आणि टप्प्यांनी भाजणं, दोन्ही करणार. थर्मामीटर आजच मागवते. ओटीजी आणि नानकटाईचं कुणी सांगेल का? आणि ओळखीत एकांनी शिल्पकामाची ती दोन भागांची इपॉक्सी क्ले सुचवली आहे, भाजायला लागत नाही म्हणून. लेक सहा वर्षांची आहे.

प्रतिसाद

इपॉक्सी क्ले मजबूत असते, पण लहान मुलांच्या हातात देऊ नये. न सुकलेलं रेझिन आणि हार्डनर त्वचेला त्रास देतात. दोन्ही मिसळल्यावर ती घट्ट होऊ लागते, मुलांना सावकाश करायला वेळ मिळत नाही. लेकीसोबत करायचं तर पॉलिमरच बरी.

घरचा ओव्हन चालतो. जेवणाचं काही आत असताना क्ले भाजायची नाही, ट्रे आणि टाइल कायमची वेगळी ठेवायची, झाल्यावर आतून पुसून घ्यायचं. खिडकी उघडी ठेवा. ही क्ले पीव्हीसीची असते, फार तापून जळाली तर घातक धूर निघतो. तसं झालं तर ओव्हन बंद करून मुलांना खोलीबाहेर न्या. मायक्रोवेव्हमध्ये कधीच नको. क्ले मळल्यावर हात आधी तेलानं पुसून मग साबणानं धुवायचे.

प्रतिसाद

रंगवणार असाल तर ॲक्रिलिक वापरा. चमक हवी म्हणून नेलपॉलिश लावू नका, पृष्ठभाग कालांतरानं चिकट होतो. पांढऱ्या क्लेला हाताचा मळ पटकन लागतो, म्हणून अंगरखे आधी करा आणि लाल-काळे रंग नंतर. ऑक्टोबरच्या उकाड्यात क्ले फार लिबलिबीत झाली तर थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवून मग बारीक काम करा. उरलेली क्ले कडक पारदर्शक डब्यात ठेवू नका, तसलं काही प्लास्टिक ती विरघळवते. साध्या प्लास्टिक पिशवीत गुंडाळून सावलीत ठेवा.

पणत्या मावळ्यांपासून वीतभर लांब ठेवा. महाराजांचं सिंहासन झालं की फोटो नक्की टाका.