मदत हवी आहे: चीनला माल, बँक ईसीजीसी मागते

संकेश्वरी_मिरची: चीनच्या पार्टीची ऑर्डर आहे. बँक पॅकिंग क्रेडिट (माल पाठवण्याआधीचं कर्ज) देईना, ईसीजीसी (निर्यातीचे पैसे बुडाले तर भरपाई देणारा सरकारी विमा) आणा म्हणते. वर मॅनेजर म्हणतो, सीमेवर भांडणाऱ्या देशासाठी सरकार कशाला हमी घेईल? गोदामात पोती दमट धरायलेत. कुणी केलंय का? लवकर सांगा.

उद्यमबागकर: माल काय? एलसी (पार्टीच्या बँकेची पैसे देण्याची हमी) आहे का? उधारी किती दिवसांची? पार्टी नवी की जुनी? एवढं तरी लिहा की हो.

संकेश्वरी_मिरची: नाव वाचा की. देठ काढलेली मिरची. एलसी नाही, 60 दिवस उधार.

कागदपत्री: मॅनेजरचं सोडा. चीनशी व्यापार बंद नाही, आपली सुकी मिरची तिकडं जातेच. ईसीजीसी 1957 पासूनची सरकारी कंपनी. देशाची जोखीम बघून प्रीमियम लावते, शिवाय त्या खरेदीदारावर वेगळी मर्यादा (किती उधारीपर्यंत कव्हर) मंजूर करून घ्यावी लागते. आणि एक नीट बघा. पॅकिंग क्रेडिटवर बँक जे कव्हर घेते ते बँकेचं. पैसे बुडाले तर भरपाई बँकेला, तुमच्या मागचा तगादा चालूच. स्वतःसाठी पॉलिसी वेगळी काढायची.

खानापूरचा_पाऊस: 2020 च्या प्रेस नोट 3 मुळं चीनसाठी केंद्राची परवानगी लागते. आधी दिल्ली गाठा.

कागदपत्री: ती चिनी पैसा इथं गुंतवायचा असेल तर. हे मिरची विकायलेत.

जुनी_पानं: अमेरिकेतही हेच झालं होतं. सोव्हिएत रशियाला त्यांच्या सरकारी एक्झिम बँकेनं (निर्यातीसाठी कर्ज देणारी) किती कर्ज द्यायचं यावर 1974 मध्ये त्यांच्या काँग्रेसनं 30 कोटी डॉलरची मर्यादा घातली.

उद्यमबागकर: त्यानं मिरची वाळणार आहे का? माझं ऐका, एलसीशिवाय एक पोतं हलवू नका. माल पोचल्यावर पार्टी 'क्वालिटी बरोबर नाही' म्हणाली की ईसीजीसी पण हात वर करते. तिथल्या कोर्टाचा निकाल आणा म्हणते. आमच्या कास्टिंगवाल्यांना विचारा.

कागदपत्री: एलसीचा हट्ट धरला की पार्टी गुंटूरला जाते. कास्टिंगचं गणित इथं लावू नका.

सीमाभाग_कट्टा: फॉर्म मराठीत मिळतो का? इथं सगळीकडं कन्नड.

कागदपत्री: केंद्राची कंपनी आहे, इंग्रजीत भरा. तो वाद दुसऱ्या धाग्यावर.

संकेश्वरी_मिरची: बरं, आधी एक कंटेनर गेलाय, त्याचे पैसे यायचेत. त्यालाही कव्हर बसेल ना?

कागदपत्री: गेलेल्या मालाला आता कुठलं कव्हर? पार्टी तीच का? मुदत उलटलीय का? उलटली असेल तर मर्यादा मागताना ते लपवू नका, नंतर क्लेम अडकतो.

संकेश्वरी_मिरची: पार्टी तीच. माणूस चांगला आहे पण, रोज मेसेजला उत्तर देतो.