मदत हवी आहे : खाजन शेतीचा छेद-नकाशा (उभा काप, सेक्शन) कसा काढावा?

नमस्कार मंडळी,
आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रबंधासाठी गोव्यातली खाजनं घेतलीत, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली नदीकाठची सखल शेतं; मांडवीकाठची, दिवाडी-चोडण बेटांकडची. गाईड म्हणतात, "शेत दाखवतेस, वास्तू कुठंय?" माझं म्हणणं, ती तिथेच आहे, फक्त छप्पर नाही!

बांध म्हणजे भिंत. आत माती, नदीच्या बाजूला जांभ्या दगडाचं अस्तर, त्याच्याही पुढे लाटांचा मार झेलणारी खारफुटी. आणि मानस, म्हणजे बांधातली पाण्याची झडप, हे दार. भरतीचं पाणी चढलं की त्याच दाबानं लाकडी झडपा बंद होतात, ओहोटीला आतलं पाणी त्या ढकलून बाहेर पडतं. ना मोटर, ना माणूस. आत पोंय, म्हणजे खोलगट तळं, पाणी साठवते, पावसाळ्यात खारं पाणी सोसणारं कोरगुट भात, मानशीच्या तोंडाशी जाळी लावून मासेमारी. समुद्रसपाटीखालची जमीन शतकानुशतकं अशी सांभाळली गेली ती गावकारीच्या, म्हणजे गावाच्या सामाईक जमीन-व्यवस्थेच्या शिस्तीमुळे. बांधाची डागडुजी थांबली की खारं पाणी आत आलंच म्हणून समजा.

अडलंय इथं : एकाच छेदात भरती आणि ओहोटी दोन्ही कशी दाखवायची? सोबत ऋतूही आहेत. थर पारदर्शक केले तर नुसती गिचमिड होते. शिवाय डागडुजी, मासेमारीच्या हक्काचा लिलाव ही माणसांची कामं नकाशात कुठे बसवायची?

कोणी असं काम केलंय का? आणि जुनी लाकडी मानस चालू स्थितीत कुठे बघायला मिळेल? तिसवाडी-बारदेशातलं कोणी असेल तर प्लीज सांगा. जूनच्या आत जायचंय.