मदत हवी आहे: जुन्या सोसायट्यांच्या वीजबचतीच्या कामांसाठी ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांकडे एकत्र निधी कसा मागायचा?

नमस्कार मंडळी,

कळवा, विटावा, दिघा आणि ऐरोली इथल्या काही जुन्या सोसायट्यांचे सचिव-खजिनदार आम्ही एकत्र आलो आहोत. पंचवीस-तीस वर्षांच्या चार मजली इमारतींत वीज वाचवणारी दुरुस्ती करून घ्यायची आहे. काय करायचं ते ठरलं आहे, पैशाचं गाडं अडलं आहे. दोन्ही महापालिकांना एकच प्रस्ताव द्यावा असा विचार आहे. महापालिकेचा कायदा, हिशेब किंवा सोसायटीचं कामकाज जाणणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहा.

आधी इमारतीबद्दल. आमची गच्ची म्हणजे स्लॅब, वर ब्रिकबॅट कोबा आणि त्यावर दर पावसाळ्याआधी मारलेल्या डांबराच्या पट्ट्या. गळती थोडीफार थांबते, पण काळं डांबर दिवसभर ऊन पितं. मे महिन्यात वरच्या मजल्यावर रात्री दहालाही छत गरम असतं आणि पंखा तीच हवा खाली ढकलत राहतो. ज्यांना परवडलं त्यांनी एसी घेतले, आणि महिन्याचं बिल ३०० युनिटांच्या पुढच्या टप्प्यात गेलं. ज्यांना नाही परवडलं त्यांचं काय? आमच्या विंगमधल्या एक आजी उन्हाळ्यात दुपारी घरात थांबतच नाहीत. चटई घेऊन पहिल्या मजल्याच्या जिन्यात बसतात, कारण तिथल्या भिंतीला ऊन लागत नाही. त्यांची गच्ची थंड करणं हा माझ्या लेखी चैनीचा विषय नाही.

कामं साधी आहेत. जुना कोबा उखडून नीट वॉटरप्रूफिंग, वर पांढरा चायना मोझॅक किंवा ऊन परतवणारा रंग. पश्चिमेच्या खिडक्यांना छज्जे. जुन्या मोनोब्लॉक पंपाच्या जागी चांगल्या स्टार रेटिंगचा पंप. जिन्यात आणि आवारात एलईडी. घराघरांत बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे पंखे. साधा पंखा साधारण ७५ वॉट खातो, बीएलडीसी ३० च्या आसपास. रोज बारा तास चालला तर एका पंख्यामागे वर्षाला जवळपास २०० युनिटं वाचतात. घरात तीन पंखे असले तर हिशेब तुम्हीच करा.

अडचण एकरकमी वर्गणीची आहे. आकडा सांगितला की सभेत निम्मे हात वर जात नाहीत. निवृत्त मंडळी, घर भाड्याने देऊन बाहेर राहणारे मालक, दोन वर्षांत विकून जाऊ म्हणणारे. भाड्याच्या घराचं तर विचित्रच आहे, खर्च मालकाचा आणि कमी झालेलं बिल भाडेकरूचं. एका बँकेत सोसायटीच्या नावाने कर्ज मागितलं तर कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर होणं, झालेलं नाही म्हणून फाईल परत आली. कळव्यात किती इमारतींचं कन्व्हेयन्स झालंय हे इथल्या लोकांना सांगायला नको.

‘सोलार लावा, सरकार पैसे देतं’ हे उत्तर येणार, म्हणून आधीच लिहिते. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, स्वतंत्र घराला ३ किलोवॉटपर्यंत ७८,००० रुपये. योजना चांगली आहे आणि आम्हाला ती घ्यायचीच आहे. पण गळक्या गच्चीवर पॅनलचा सांगाडा उभा केला तर चार वर्षांनी वॉटरप्रूफिंगसाठी तो उतरवावा लागेल. शिवाय सोसायटीच्या अनुदानातून लिफ्ट, पंप आणि जिन्याचं बिल उतरतं, वरच्या मजल्यावरचा पंखा गरम हवाच फेकत राहतो. आधी गच्ची, मग सोलार, या क्रमावर आमचं एकमत आहे.

आता मुद्द्याचं. वीजबिलातून हप्ता वसूल करणं सोपं वाटतं, पण कळवा-मुंब्र्याला २०२० पासून टोरंट ही वीज कंपनी आहे आणि खाडीच्या याच बाजूला, दिघा-ऐरोलीत महावितरण. पुढे मीरा-भाईंदर धरलं तर अदानी आणि टाटा. कंपन्या बदलतात, घर बदलत नाही. प्रत्येक घराला नक्की येणारं बिल म्हणजे मालमत्ता कराचं. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहराने २००८ मध्ये हाच मार्ग धरला. कामाचा पैसा शहराने उभारायचा, घरमालकाने तो मालमत्ता कराच्या बिलातून वर्षानुवर्षं फेडायचा, आणि घर विकलं तर उरलेले हप्ते नव्या मालकाकडे जायचे. बर्कलीत तो पैसा सोलारसाठी होता, पुढे इतर ठिकाणच्या अशा योजनांत खिडक्या, छत, उष्णतारोधन यांनाही मिळू लागला. विकून जाणाऱ्या आमच्या सभासदाचा प्रश्न तिथेच सुटतो.

छोट्या गावांना हे एकेकट्याने झेपेना, म्हणून कॅलिफोर्नियातल्याच पश्चिम रिव्हरसाइड भागातल्या नगरपालिकांच्या परिषदेने २०११ च्या अखेरीस एकत्र योजना काढली. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या ९ काउंट्यांनी (म्हणजे जिल्ह्यांनी) २०१२ च्या सुमाराला घरांच्या वीजबचतीसाठी एकच प्रादेशिक यंत्रणा उभी केली. आपल्या मुंबई महानगर प्रदेशातही महापालिका ९ च आहेत.

हे सगळं तिकडे सुरळीत झालं असं मात्र नाही. कराची वसुली गृहकर्जाच्या आधी येते, म्हणून २०१० मध्ये गृहकर्जावर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेने हरकत घेतली. पुढे ठेकेदार दारोदार फिरून म्हाताऱ्या माणसांच्या सह्या घेऊ लागले, हप्ते डोईजड झाले. २०१७ मध्ये परतफेडीची ऐपत तपासण्याचा कायदा करावा लागला आणि २०२० मध्ये लॉस एंजेलिस काउंटीने घरांसाठीची योजना बंदच केली. म्हणून आपल्याकडे ठेकेदाराने थेट घरात शिरून सही घ्यायची नाही, कर्ज सर्वसाधारण सभेच्या ठरावानेच व्हावं, असं आम्ही मसुद्यात पहिल्या पानावर लिहिलं आहे.

महापालिका एकत्र येतात का, असं विचारणाऱ्यांना मी स्टेम या पाणीपुरवठा कंपनीचं उदाहरण देते. उल्हास नदीचं पाणी शहाडला उचलायचं, टेमघरला शुद्ध करायचं आणि वाटायचं, यासाठी ठाणे, भिवंडी आणि मीरा-भाईंदर महापालिका नि ठाणे जिल्हा परिषद यांची मिळून कंपनी आहे. पाण्यासाठी जमलं ते घरांसाठी का जमू नये?

तर आमचे प्रश्न:

मालमत्ता कराच्या बिलात असा हप्ता, ज्याने संमती दिली त्याच्यापुरता, घालता येतो का? की त्यासाठी राज्याला कायदा बदलावा लागेल?

गच्ची सर्वांची, कराचं बिल प्रत्येक फ्लॅटचं वेगळं. मग हप्ता सारखा वाटायचा की क्षेत्रफळाप्रमाणे? तळमजल्यावाले म्हणतात आमचा गच्चीशी काय संबंध, आणि हा वाद दर सभेत होतो.

दोन महापालिकांनी एकत्र निधी करायचा तर करार पुरेसा आहे, की स्टेमसारखी कंपनीच हवी? प्रस्ताव आधी कुणाच्या टेबलावर ठेवायचा: आयुक्त, एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), की मंत्रालयात नगरविकास विभाग?

आणि सर्वांत अवघड. कळवा आणि दिघ्यातल्या कितीतरी इमारतींना ओसी, म्हणजे महापालिकेचा भोगवटा दाखला नाही. तिथली घरं सर्वांत जास्त तापतात. त्यांना वगळून योजना मागायला मन धजावत नाही.

— खारीगावची सचिव

निवृत्त_लेखापाल:

ताई, मी एका महापालिकेच्या लेखा विभागात नोकरी केली. थोडं स्पष्ट लिहितो. हप्त्याला ‘कर’ म्हणू नका. कर कायद्याने बसतो, संमतीने नाही. त्याच बिलावर वेगळी ओळ, वेगळं लेखाशीर्ष आणि वेगळं बँक खातं, अशी मागणी करा. कारण सांगतो. थकबाकी वाढली की महापालिका अभय योजना काढते आणि दंड-व्याज माफ करते. तुमचा हप्ता करात मिसळला तर लोक अभय योजनेची वाट बघत बसतील आणि निधी दोन वर्षांत आटेल.

कराचा बोजा मिळकतीवर पहिला असतो, तो अधिकार या हप्त्याला मिळायचा तर माझ्या मते कायद्यात दुरुस्ती लागेलच. तोवर सोसायटी, महापालिका आणि कर्ज देणारी बँक यांच्या तिहेरी कराराने सुरुवात होऊ शकते. महापालिकेला कर्ज उभारायला राज्य शासनाची मंजुरी लागते, म्हणजे नगरविकास विभाग टाळता येणार नाही. पण आयुक्तांच्या शिफारशीशिवाय तिथे गेलात तर कागद परत खालीच येईल.

एकत्र पैसा उभारल्याची आपल्या देशातली उदाहरणं प्रस्तावात जरूर घाला. तमिळनाडूत २००२ मध्ये १३ छोट्या नगरपालिकांनी पाणी आणि मलनिस्सारणासाठी सामाईक निधीतून मिळून ३० कोटींचे रोखे काढले. २००५ मध्ये बंगळूरुच्या भोवतालच्या ८ संस्थांनी तसेच १०० कोटी उभारले. अधिकाऱ्याला कॅलिफोर्निया दूरची वाटते, तमिळनाडू नाही.

ऐरोली_सेक्टरवाला:

क्षेत्रफळाच्या वादाबद्दल. उपविधी काढून बघा. सेवा शुल्क सर्वांना सारखं, पण दुरुस्ती-देखभाल निधी प्रत्येक फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या प्रमाणात, वर्षाला किमान ०.७५ टक्के. गच्चीचं वॉटरप्रूफिंग ही सोसायटीची दुरुस्ती आहे, एकट्या वरच्या मजल्याची नाही. तेव्हा हप्ताही त्याच प्रमाणात. आमच्याकडे हाच नियम सभेत वाचून दाखवला आणि तळमजल्याचा विरोध मावळला. पंखे मात्र ज्याचे त्याने घ्यावेत, ते सामाईक कर्जात आणू नका. सिंकिंग फंडालाही हात लावू नका, तो मोठ्या बांधकामासाठी आहे.

एक शंका. आमच्या सेक्टरमध्ये रिडेव्हलपमेंटची बोलणी चालू आहेत. पाच वर्षांत पडणार असलेल्या इमारतीवर दहा वर्षांचा हप्ता कोण घेईल?

दिघा_रहिवासी:

मी ओसी नसलेल्या इमारतीत राहतो. कर भरतो, पावतीवर अनधिकृत असा शिक्का येतो. आम्हाला कर्ज कोणी देणार नाही हे मान्य आहे. पण पांढरा रंग आणि पंखे यांना बांधकाम परवानगी लागत नाही. ठाणे महापालिकेचा उष्णता कृती आराखडा आहे, त्याखाली गच्च्यांना रंग द्यायची मागणी वेगळी करता येईल. कर्ज नको, रंग द्या. तेवढं प्रस्तावात टाकाल का?

खारीगावची सचिव:

तिघांचेही मनापासून आभार.

लेखापाल काका, अभय योजनेचा मुद्दा आमच्या कुणाच्याच ध्यानात आला नव्हता. वेगळी ओळ, वेगळं खातं हे आजच मसुद्यात घेते. तिहेरी कराराचा नमुना तुमच्या पाहण्यात असेल तर कृपया व्यनि करा.

दादा, रिडेव्हलपमेंटबद्दल असं सुचतंय: ज्या सोसायटीने विकासकाच्या नेमणुकीचा ठराव केला आहे तिला गच्चीचं कर्ज नाही, फक्त पंप आणि एलईडी, कारण त्यांची परतफेड लवकर होते. बाकीच्यांनी कर्ज घेतल्यावर रिडेव्हलपमेंट ठरलं तर उरलेली रक्कम विकासकाने आधी भरायची, अशी अट करारात घालता येईल. त्यावर कायद्याच्या जाणकारांनी लिहावं.

दिघ्याच्या दादांनो, हो, टाकते. रंगाची मागणी वेगळं कलम म्हणून जाईल, आणि ती ठाण्यापुरती न ठेवता दोन्ही महापालिकांकडे. तुमच्या आणि शेजारच्या इमारतींत वरच्या मजल्यावर किती बिऱ्हाडं आहेत एवढी यादी मिळाली तर मोठी मदत होईल. नावं नकोत, इमारत आणि घरांची संख्या पुरे.

अजून दोन गोष्टी हव्या आहेत. स्टेमची कंपनी करताना चारही संस्थांनी आपापल्या सभागृहात केलेल्या ठरावांच्या प्रती कुठे मिळतील? माहिती अधिकारात मागायच्या झाल्या तर अर्ज कंपनीकडे करायचा की ठाणे महापालिकेच्या सचिव कार्यालयाकडे? आणि नवी मुंबईच्या बाजूने कोपरखैरणे, घणसोली, नेरूळच्या सोसायट्यांपैकी कुणी यायला तयार आहे का? सध्या आमच्या यादीत ठाण्याच्या हद्दीतल्याच सोसायट्या जास्त आहेत, आणि एका बाजूचं पारडं जड असलेला कागद दुसऱ्या आयुक्तांसमोर ठेवणं बरं दिसणार नाही. सोसायट्यांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत होतील, त्यात ठराव घेता येईल. ठरावाचा मसुदा मागाल त्यांना लगेच पाठवते.