सेनिओ नदीवर पलटणी तीन महिने नुसत्या बसून होत्या का?

रानवारा: मंडळी, एक शंका. इटलीतल्या दुसऱ्या महायुद्धाबद्दल जे वाचतो त्यात डिसेंबर १९४४ संपताना दोस्तांची चढाई सेनिओ नदीपाशी थांबली असं येतं आणि पुढचं पान एकदम ९ एप्रिल १९४५ ला उघडतं, ज्या दिवशी नदीपलीकडे हल्ला झाला आणि मराठा पलटणीच्या आपल्या नामदेव जाधवांनी व्हिक्टोरिया क्रॉस हे शौर्यपदक कमावलं. मधल्या तीन महिन्यांना "आघाडी शांत होती" एवढं एक वाक्य. समोर जर्मन, इकडे हे, मग रोज करायचे काय?

खंदकवाला: शांत म्हणजे नकाशावरची रेघ हलली नाही, बाकी काही नाही. चिखल, फुगलेल्या नद्या, थकलेली माणसं, त्यात तोफगोळ्यांची टंचाई, म्हणजे गोळे रेशनवर. तोफा मोजून उडवायच्या म्हटल्यावर सगळं येतं पायदळाच्या अंगावर.

आणि सेनिओचा प्रकारच वेगळा. पूर येऊ नये म्हणून दोन्ही काठांना मातीचे उंच बांध, बाजूचं रान सपाट. जर्मनांनी बांध पोखरून आतच घरं केलेली. काही ठिकाणी तर ते आपल्याच काठावर, म्हणजे बांधाच्या नदीकडच्या अंगाला ते आणि रानाकडच्या अंगाला आपले, मध्ये फक्त माती! तिथे लढाई म्हणजे बांधावरून पलीकडे ग्रेनेड भिरकावायचा आणि पलीकडून आलेला चुकवायचा. दिवसा डोकं वर काढलं की स्नायपर. जेवण अंधारात, बदली अंधारात, वर मॉर्टरचा काही नेम नाही. आपली आठवी भारतीय डिव्हिजन फेब्रुवारीत या लाइनवर आली, त्यातच मराठ्यांची पहिली पलटण, म्हणजे जाधवांची.

रात्री गस्त. कधी तिघंचौघं, फक्त बघून यायचं, सुरुंग कुठे पेरलेत, मशीनगन कुठून बोलते. कधी मोठी टोळी, एखादा जिवंत पकडून आणायचा. पहाटे सगळे स्टँड-टू, म्हणजे हल्ला येईल म्हणून हत्यार घेऊन सज्ज, मग झोप मिळाली तर मिळाली.

तर्कटराव: एका कैद्यासाठी दोनचार पोरं घालवायची, रेघ तर हलणारच नाही. कशाला?

खंदकवाला: तर्कटराव, अर्धं तुमचं खरं. माणसं सुस्तावतील या वरच्यांच्या धास्तीपायीही गस्ती निघायच्या, "नो मॅन्स लँड, म्हणजे दोन फौजांमधली मोकळी जमीन, आपलीच पाहिजे" हा त्यांचा हट्ट. पण कैदी बोलला की समोर कुठली डिव्हिजन आहे ते कळतं, आणि सुरुंगांचे पट्टे माहीत नसतील तर ९ एप्रिलला होड्या घेऊन नदीत उतरणार कुठून? फुकट गेलेल्या गस्तीही असतीलच, नाही म्हणत नाही.

वाईकर: आमचे आजोबा त्या लाइनला होते. लढाईचं कधी बोलले नाहीत, पण रात्री शेतावर पाणी द्यायला निघताना अंगणात दोन उड्या मारायचे आणि ऐकायचे, किल्ल्या वाजल्या की रुमालात गुंडाळून परत एक उडी. आम्ही पोरं हसायचो. पुढे एका रिटायर्ड सुभेदारांनी सांगितलं की गस्तीला निघताना असंच बघतात, अंगावर काही खुळखुळत नाही ना. आणि आम्हाला शेताच्या बांधावर उभं राहू द्यायचे नाहीत, चालायचं तर बांधाच्या कडेने, खालून. आम्हाला वाटायचं म्हाताऱ्याला सापाची भीती.

रानवारा: बाप रे. म्हणजे जाधवांनी दोन जखमींना पाण्यातून, सुरुंगांतून मागे आणलं, तीन मशीनगन मोर्चे संपवले आणि शेवटी बांधावर चढून आरोळी ठोकत बाकीच्यांना पलीकडे बोलावलं, तो हाच बांध होय! आजवर मी ते आपलं "उंचावर चढले" असं वाचून सोडत होतो.

बोलोन्याचा_पाहुणा: मी इथे शिकतो, मागच्या वर्षी लुगोजवळ सायकलने गेलो होतो. नदी पाहून हिरमोड झाला, पाणी एवढुसं की आपल्याकडे ओढा म्हणतील. बांध मात्र जिन्यासारखा चढावा लागतो. वर पोचल्यावर पलीकडचा बांध इतका जवळ की दगड सहज गेला असता. फॉर्लीला भारतीय सैनिकांची दफनभूमी आहे आणि दहन झालेल्यांची नावं कोरलेली आहेत, तिथेही जाऊन आलो. वाईकर, आजोबांची कंपनी कुठली होती माहिती आहे का?

वाईकर: नाही हो. ट्रंकेत एक पेबुक, म्हणजे फौजेतलं पगाराचं पुस्तक, आहे, उंदरांनी कडा खाल्ल्यात. दिवाळीला गावी गेलो की फोटो टाकतो.