इक्थिओसिस : मुलीच्या त्वचेची रोजची निगा कशी राखावी? मदत हवी आहे

माझ्या सात वर्षांच्या मुलीला इक्थिओसिस व्हल्गॅरिस, म्हणजे त्वचा कोरडी पडून तिच्यावर खपल्या धरणारा आनुवंशिक विकार आहे. मलाही तोच विकार असल्यामुळे तिच्या नडग्यांवर कडा उचललेल्या करड्या खपल्या दिसू लागल्या, तेव्हा तपासणीआधीच मला ओळख पटली होती. तळहातांवरच्या दाट, खोल रेषा तर अगदी माझ्यासारख्याच आहेत. त्वचेला फिलॅग्रिन नावाचे प्रथिन पुरेसे मिळत नाही, त्यामुळे तिच्यात ओलावा टिकत नाही आणि मृत पेशी वेळच्या वेळी न गळता साचत जातात, हे त्वचारोगतज्ज्ञांनी समजावून सांगितले आहे. हा विकार जन्मभराचा आहे आणि संसर्गजन्य नाही, हेही मी जाणते. मला अडचण येते ती हे सारे दररोज, न चुकता पार पाडताना.

माझ्या लहानपणी या खपल्यांना मळ समजून कढत पाण्याने आणि साबणाने माझे पाय लाल होईपर्यंत घासले जात. तो अनुभव मुलीच्या वाट्याला येऊ नये, एवढे मी मनाशी पक्के केले आहे. सध्या तिला रात्री कोमट पाण्याने अंघोळ घालून, अंग टिपून, दहा टक्के युरिया असलेले क्रीम लावते. परंतु घोट्याजवळच्या भेगांमध्ये ते इतके झोंबते की क्रीमची बाटली पाहताच ती रडू लागते. मग एखादा दिवस मीच टाळते, एकाचे तीन दिवस होतात आणि त्वचा पुन्हा तडकते.

दुसरी काळजी उन्हाची आहे. खेळाच्या तासानंतर तिचा चेहरा लालबुंद होतो, अंग तापते, पण घाम जवळजवळ येत नाही. शिक्षिकांना एकदा तो तापच वाटला होता. तिसरा प्रश्न असा की, माझ्या नडग्यांसाठी मी सॅलिसिलिक ॲसिडचे मलम वापरते. तेच तिला लावले तर चालेल का? ज्यांनी स्वतः किंवा मुलांसोबत हे अनुभवले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते सर्वांत महत्त्वाचे आहे. ते मलम तिला स्वतःच्या मनाने लावू नका. लहान मुलांच्या वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ मोठे असते, आणि विकारग्रस्त त्वचेतून औषध अधिक शोषले जाते. मोठ्या भागावर वारंवार लावलेले सॅलिसिलिक ॲसिड रक्तात उतरून मळमळ, कानात गुणगुण आणि जलद श्वास यांसारखी विषबाधेची लक्षणे दिसू शकतात.

मला एक्स गुणसूत्राशी निगडित इक्थिओसिस आहे. त्याचे कारण वेगळे, म्हणजे स्टेरॉइड सल्फटेज या विकराची (एन्झाइमची) कमतरता, पण रोजची निगा बरीचशी सारखीच असते. युरिया झोंबतो तो उघड्या भेगांवर. तेव्हा भेगा बुजेपर्यंत त्या जागी फक्त साधी, सुगंधरहित पेट्रोलियम जेली लावा आणि युरियाचे क्रीम अखंड त्वचेपुरते ठेवा. अंघोळीत घाई करू नका. वीस मिनिटे कोमट पाण्यात भिजल्यावर खपल्या मऊ होतात आणि अगदी शेवटी मऊ कापड हलक्या हाताने फिरवले, तरी त्या सुटतात. जी निघत नाही ती ओढून काढू नये. साबण काखा आणि जांघा यांपुरताच पुरे. अंग अर्धवट टिपून, त्वचा दमट असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत ओलावा टिकवणारे मलम लावावे. हात केसांच्या वाढीच्या दिशेने फिरवला तर केसांच्या मुळांशी पुळ्या येण्याचा त्रास कमी होतो.

एका धोक्याबद्दल मात्र आवर्जून लिहितो, कारण मला तो फार उशिरा कळला. मलम मुरलेले कपडे आणि चादरी चटकन पेट घेतात आणि धुतल्यानंतरही ते अवशेष पूर्ण निघतीलच असे नाही, म्हणून मुलीला उघड्या ज्योतीपासून दूर ठेवा.

प्रतिसाद २

माझ्या मुलाला इक्थिओसिसचाच लॅमेलर हा प्रकार आहे. घामाच्या वाटा खपल्यांनी अडल्या की शरीराला स्वतःला थंड करता येत नाही, हे मी शाळेला लेखी कळवले आणि सोबत डॉक्टरांचे पत्र जोडले. तेव्हापासून तो फवारणीची पाण्याची बाटली जवळ ठेवतो, खेळापूर्वी सुती बनियन ओला करून घालतो आणि थकवा, डोकेदुखी किंवा गरगरणे जाणवताच परवानगी न विचारता सावलीत जातो. परवानगी न विचारण्याची ही मुभा आपण आग्रहाने मिळवावी, कारण मूल संकोचाने थांबून राहते.

कानही विसरू नका. कानाच्या नळीत खपल्या साचून ऐकू कमी येते आणि मूल लक्ष देत नाही असा समज होतो. कापसाची काडी न घालता ते तज्ज्ञांकडून साफ करून घ्यावेत. तसेच ड जीवनसत्त्वाची पातळी तपासण्याविषयी डॉक्टरांना विचारावे.

धागाकर्तीचा प्रतिसाद

आपणा दोघांचे मनापासून आभार. तीन आठवडे भेगांवर केवळ पेट्रोलियम जेली लावली आणि उजव्या घोट्याच्या भेगा पूर्ण बुजल्या. डाव्या अजून नाजूक आहेत. उजव्या पायाला आता युरियाचे क्रीम ती स्वतः लावते, आणि झोंबले तर लगेच पुसण्याची मोकळीक तिला दिल्यापासून रडणे थांबले आहे. शाळेनेही पत्र स्वीकारले आहे. कानांच्या तपासणीची वेळ मी घेतली आहे, कारण हाक मारूनही ती वळत नाही याचा मी आजवर वेगळाच अर्थ लावत होते, आणि त्याचे मला फार वाईट वाटते.

एक अडचण उरली आहे. सकाळी घट्ट मलम लावले की मोजे आत चिकटतात आणि ती दिवसभर अस्वस्थ राहते. सकाळी पातळ लोशन आणि रात्री घट्ट मलम अशी विभागणी कोणी करून पाहिली आहे का, आणि कोरड्या, थंड हवेच्या दिवसांत ती पुरते का?