"तपासून घ्यायला हवा होता" म्हणणाऱ्यांना उत्तर

रामबागकर
काल इथेच कोणीतरी लिहिलं, की खराब लॅपटॉपच्या नावाने रडणारे सगळे ऑनलाइन स्वस्ताईच्या मागे लागलेले असतात, दुकानातून तपासून घेतला असता तर ही वेळ आली नसती. वाचून डोकं सणकलं. मी सिल्व्हर मॉलमधून घेतलाय, मुलीच्या कॉलेजसाठी, पक्क्या बिलावर, १८ टक्के जीएसटी भरून. दुकानात चालवूनही बघितला. पण बिघाड असा, की मशीन चांगलं तापलं की स्क्रीनवर आडव्या रेघा येतात आणि झाकण बोटभर मागे ढकललं की जातात. काउंटरवर हे कुणाला दिसणार?

लगेच दुकानात गेलो, तर म्हणे कंपनीचं डीओए सर्टिफिकेट, म्हणजे वस्तू मुळातच खराब आली असा दाखला, आणा, मग बदलतो. सर्व्हिस सेंटरच्या पोराने एसीत काचेच्या काउंटरवर लॅपटॉप उघडला, डेस्कटॉप दिसला, झाकण लावलं आणि जॉबशीटवर, म्हणजे तपासणीच्या कागदावर, लिहिलं 'नो फॉल्ट फाउंड'. मोबाइलवरचा व्हिडिओ बघायलाही तयार नाही. कंपनीच्या हेल्पलाइनला दर वेळी नवा माणूस, पुन्हा सिरियल नंबरपासून सुरुवात. या टोलवाटोलवीत बदलून द्यायची मुदत संपली. आता म्हणतात, स्क्रीन खोलून केबल बदलतो. पैसे नव्या मशीनचे घेतलेत ना? मग खोललेलं मशीन मी का घ्यायचं?

जेल रोडवाला
काका, राग कळतो, पण दुकानदाराला झोडू नका. मी याच धंद्यात आहे. गिऱ्हाईक आमच्याकडे की-बोर्ड दाबून बघतं आणि तिथेच उभं राहून मोबाइलवर ऑनलाइनचा भाव दाखवतं. तो भाव दिला की हातात काय उरतं? डीओएशिवाय बदलून दिला तर तो पीस माझ्या गळ्यात पडतो, डिस्ट्रिब्युटर परत घेत नाही. आणि सगळी गिऱ्हाइकं साधी नसतात. एकाने "आपोआप बंद पडला" म्हणून आणला, आत ओलाव्याचं स्टिकर लालभडक आणि चहाचा वास.

तिलकनगरची ताई
कुणी चहा सांडला म्हणून रामबागकरांनी का भोगायचं? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दुकानदार आणि कंपनी दोघांनाही विरुद्ध पक्ष करता येतं. ग्राहक आयोग दुरुस्ती, बदली किंवा पैसे परत, काहीही सांगू शकतो. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागतोच असं नाही, तक्रार आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात करता येते, मुदत २ वर्षं. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन करा, पुष्कळदा तिथेच कंपनी जागी होते.

सुदामानगर
ताई, कागदावर सगळं छान. कायद्यात ३ महिन्यांत निकाल म्हटलंय, लॅबची तपासणी लागली तर ५. माझं प्रकरण तारखांवर तारखा खात पडलंय. का? जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, मिळेल म्हणून बिल फर्मच्या नावावर घेतलं. कंपनीचा वकील म्हणतो, खरेदी व्यावसायिक, तुम्ही ग्राहकच नाही. मी एकटा माणूस, घरी बसून लोकांची रिटर्नं भरतो. एवढ्याशा क्रेडिटसाठी हा ताप.

तिलकनगरची ताई
फक्त स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी वापरत असाल तर ती व्यावसायिक खरेदी धरत नाहीत, कलम २(७) चं स्पष्टीकरण दाखवा. तारखांचं म्हणाल तर खरं आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

लोकमान्य नगर
माझं वेगळंच. चार्जिंगला लावला की लॅपटॉपच्या पत्र्यावर मनगटाला झिणझिण्या येतात. सर्व्हिस सेंटर म्हणतं, तुमच्या घरचीच लाइट खराब. हा बिघाड नाही का?

रिटायर्ड इंजिनीअर
चार्जर दोन पिनांचा आहे का? मग बिघाड नाही. आतल्या फिल्टरच्या कपॅसिटरमधून अगदी किंचित करंट बाहेरच्या पत्र्यावर येतो. टेस्टर पेटेल, मीटरवर शंभराच्या आसपास व्होल्टही दिसतील, पण ताकद काहीच नाही. तीन पिनांचा चार्जर आणि खरी अर्थिंग असेल तर जातं. आपल्या जुन्या वाड्यांत तिसरं भोक नुसतं शोभेला असतं, मागे वायरच नाही. आधी इलेक्ट्रिशियन बोलवा.

लोकमान्य नगर
म्हणजे पन्नास हजारांची वस्तू घेऊन वर घर खोदायचं? आणि वाड्यात राहणं गुन्हा आहे का?

रिटायर्ड इंजिनीअर
गुन्हा कोण म्हणालं? त्याच बोर्डावर गीझर लागतो, घरात लहान मुलं असतात. लॅपटॉप राहू द्या, जिवासाठी अर्थिंग करून घ्या. इतक्या साध्या गोष्टीवर लोक चिडतात याचंच मला वाईट वाटतं.

वैशालीनगर
आमच्या नव्या फ्लॅटमध्येही झिणझिण्या येतात, अर्थिंग असूनही!

रिटायर्ड इंजिनीअर
दोन पिनांच्या चार्जरला अर्थिंगचा काय उपयोग? वर लिहिलंय ते वाचा तरी.

रामबागकर
माझा प्रश्न राहिला बाजूला, इथे वायरिंग सुरू झालं! पण साहेब, एक सांगा. माझ्या दुसऱ्या जॉबशीटवर त्यांनी 'व्होल्टेज फ्लक्च्युएशन' खरडलंय. रेघा त्यामुळे येतात का?

रिटायर्ड इंजिनीअर
चार्जरवरचं बारीक अक्षर वाचा, १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असेल. रोजचा चढउतार तो पचवतो. शिवाय झाकण हलवलं की रेघा जातात, म्हणजे बिजागरीजवळची डिस्प्ले केबल किंवा तिचा कनेक्टर. तुमच्या घरच्या लाइटशी काडीचा संबंध नाही. चार्जर काढून नुसत्या बॅटरीवर चालवा. तरी रेघा आल्या तर त्याचाच व्हिडिओ करा, सिरियल नंबर दिसेल असा.

तिलकनगरची ताई
आणि ती शेरा मारलेली जॉबशीट जपून ठेवा. एकदा 'बिघाड नाही', मग 'व्होल्टेज', आता 'केबल बदलू'. त्यांनीच तीन वेळा तीन वेगळ्या गोष्टी सांगितल्यात.

जेल रोडवाला
बरं, एक मान्य करतो. शेरा लिहिण्याआधी त्यांनी तापेपर्यंत चालवून बघायला हवा होता, आणि दुकानदाराने सोबत माणूस पाठवायला हवा होता. मी पाठवतो, सगळे नाही पाठवत. पुढच्या वेळी तक्रार त्यांना लिहू देऊ नका. 'गरम झाल्यावर, झाकणाच्या अमुक कोनात' असं तुमच्या शब्दांत लिहवून घ्या, नाहीतर सहीच करू नका. पण दुकानदाराला आयोगात खेचाल ते मला पटलेलं नाही.

रामबागकर
पैसे मी दुकानदाराच्या हातात दिलेत, कंपनीचं तोंडही पाहिलं नाही. त्यामुळे नाव दोघांचंही घालणार. आज रात्री बॅटरीवर चालवून व्हिडिओ करतो, उद्या १९१५, आणि तिथे नाही झालं तर ई-जागृतीवर, आयोगाच्या ऑनलाइन पोर्टलवर, तक्रार. ताई, मसुदा बघून द्याल का?

तिलकनगरची ताई
पाठवा. बिल, दोन्ही जॉबशीटा आणि हेल्पलाइनचे तक्रार क्रमांक तारखेनुसार लावून पाठवा.