प्रतिसाद: 'डॉक्टर हू'चं शीर्षकसंगीत

वर कुणीतरी लिहिलंय की 'डॉक्टर हू' या ब्रिटिश विज्ञानकथा-मालिकेचं मूळ शीर्षकसंगीत सिंथेसायझरवर वाजवलंय. मला हे पटत नाही. 1963 साली ते बनलं तेव्हा बाजारात सिंथेसायझर आलाच नव्हता. चाल रॉन ग्रेनरची, पण ती कानावर येते तशी घडवली बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमधल्या (म्हणजे तिथल्या ध्वनिप्रयोगांच्या विभागातल्या) डेलिया डर्बीशायर आणि त्यांचे सहायक डिक मिल्स यांनी. एक तार छेडून तिचा आवाज टेपवर घ्यायचा, वेग कमी-जास्त करून त्यातून वेगवेगळे स्वर काढायचे, आणि मग प्रत्येक स्वराचा तुकडा मापाने कापून चिकटवायचा. वरचे स्वर ऑसिलेटरचे, म्हणजे विजेवर स्वर काढणाऱ्या यंत्राचे. एकाच टेपवर अनेक आवाज वेगवेगळे घेणारं मल्टिट्रॅक यंत्र नसल्यामुळे वेगवेगळ्या टेपा एकाच वेळी चालवून मिसळाव्या लागल्या. एकदा कुठेतरी चुकीचा स्वर लागत होता, तर त्यांनी त्या टेपा कॉरिडॉरमध्ये शेजारी-शेजारी पसरून चुकलेला जोड शोधला!

जळगावला हौशी नाटकांचं ध्वनिसंयोजन मी स्पूल टेपवर केलंय, म्हणून या कामाची किंमत मला चांगली कळते. ब्लेडने टेप तिरकी कापायची, जोड जरा चुकला की ठेका गेलाच. उन्हाळ्यात तर चिकटपट्टीचा डिंक पाघळायचा आणि टेपचे वेढे एकमेकांना चिकटायचे. इथे तर अख्खी धून अशी बांधलीय. ग्रेनरने स्वतः डेलियाबाईंना सहसंगीतकार म्हणून श्रेय द्या असं सुचवलं होतं, बीबीसीच्या नियमात ते बसलं नाही. पडद्यावर त्यांचं नाव आलं ते 2013 च्या पन्नाशीच्या विशेष भागात, त्या 2001 मध्ये गेल्यानंतर. याची मला अजूनही चीड येते.